जोतं मोठं, घर मधात

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे आमच्या नालवाडीत आजवर कोणालाही धड सांगता आलेलं नाही. मलासुद्धा नाही. गृहनिर्माण, वित्त, धोरण, विश्लेषण असे जड शब्द माझ्या हुद्द्यात एकामागं एक उभे आहेत. माझ्या सासूबाईंनी तो गुंता कधीच सोडवून टाकलाय. शेजारणींना त्या सांगतात, आमची सून सरकारात घरकुलं वाटते. झालं मग! सकाळी मी केस विंचरत असते तोवर फाटकाशी कोणीतरी आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन हजर. बाप्पा, मी घरकुलं वाटत नाही. वाटलेल्या घरकुलांचे पैसे कुठं अडकतात आणि काऊन अडकतात ते शोधून वर टिपणी पाठवते, हे समजावता समजावता माझा चहा गार होतो. समोरचा सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि जाताना झेरॉक्स ठेवूनच जातो.

पैसे कसे अडकतात ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. घरकुलाचा पैसा एकदम हातात पडत नाही. घर जसजसं वर येतं तसतसा हप्ता सुटतो. मंजुरी मिळाली की पहिला, जोतं झालं की दुसरा, भिंती खिडक्यांच्या वर गेल्या की तिसरा, आणि छत पडलं की उरलेला. दरवेळी घरकुलाचा इंजिनियर येऊन मोबाइलवर फोटो काढतो आणि ज्याच्या नावानं मंजुरी आहे त्याला फोटोत उभं राहावं लागतं. कागदावर हे फार सरळ दिसतं. आमच्या जिल्ह्यात मात्र एका पट्ट्यात गावंच्या गावं जोत्यावर येऊन थांबली होती. दुसरा हप्ता उचललेला आणि भिंतींचा पत्ता नाही.

हे असं का, म्हणून वरून विचारणा झाली. कचेरीत अशा प्रश्नाला दोन उत्तरं कायम तयार असतात: लोकांनी पैसा दारूत उडवला, नाहीतर लग्नात. मला या दोन्ही उत्तरांचा भयंकर राग येतो. ती देणाऱ्यानं स्वतः कधी घर बांधलेलं नसतं, बांधून तयार असलेला फ्लॅट घेतलेला असतो. घर पाहावं बांधून असं आपली म्हातारी माणसं म्हणायची ते काय उगाच? मी तेव्हा जरा आवाज चढवूनच बोलले असेन, कारण आमचे साहेब हसले आणि म्हणाले, उंटावरून शेळ्या हाकायच्या नसतील तर तुम्हीच जाऊन या, फक्त टिपणी मार्चच्या आधी द्या. मार्चच्या आधी, कारण एक प्रस्तावही सोबत आला होता. मार्चअखेरपर्यंत ज्या घराच्या भिंती फोटोत दिसणार नाहीत त्याची मंजुरी रद्द करायची आणि दिलेला पैसा परत घ्यायचा. तो प्रस्ताव माझ्या टिपणीवर ठरणार नव्हता. टिपणी फक्त त्याला जोडली जाणार होती.

जानेवारी संपत आला होता. घरकुलाचा इंजिनियर मला हायवेवरच्या जाम गावच्या चौकात भेटला. ट्रकांची ये-जा, टायरवाले, ढाबे, आणि त्या धुरळ्यात हा आपला मोटारसायकलीवर रेलून उभा. कंत्राटी माणूस. खेड्याखेड्यातून गाडी मारून मारून त्याची पाठ कामातून गेली होती, जीभ मात्र शाबूत होती. गाडीत बसल्या बसल्या त्यानं मला सांगून टाकलं की मॅडम, तुम्ही कितीही फिरा, ह्या लोकांसमोर बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मला वाटलं, झालं, आता हाही दारू नाहीतर लग्न म्हणणार. पण त्याची तक्रार वेगळीच होती आणि ती मला गावात शिरताच दिसली.

गाव जामपासून बरंच आत, काळ्या जमिनीत वसलेलं. पहिल्याच गल्लीत मी गाडीतून उतरले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. नकाशातलं घरकुल म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकाची जागा आणि संडास. इथली जोती नकाशाच्या दुप्पट, तिप्पट. एका जोत्यावर तर पोरं क्रिकेट खेळत होती आणि चेंडू जोत्याबाहेर जात नव्हता. इंजिनियर म्हणाला, अंथरूण पाहून पाय पसरावे एवढी साधी गोष्ट यांना कळत नाही. त्यानं आखून दिलं की सगळे हो हो म्हणतात, आणि तो वळला की खड्डे वाढवून ठेवतात. मग दोन्ही हप्ते त्या मुरमात आणि गिट्टीत गडप होतात आणि विटांना काही उरत नाही.

असं का करतात, हेही त्यानंच सांगितलं, शिव्या घालत घालत. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एकदा घातलेल्या पायाला दहा वर्षांनी दुसरा पाया जोडायला गेलं की दोन्ही पाये एकसारखे हलत नाहीत आणि जोडावर भिंत फाटते. म्हणून इथला माणूस जोतं आयुष्यात एकदाच घालतो आणि घालताना आज राहणारी माणसं मोजत नाही. पोरं, सुना, न झालेली नातवंडं, सगळी धरून घालतो. भिंती काय, पुढं कधीही चढवता येतात. चूक म्हणायची तर ही चूकच होती, पण ती दारूची नव्हती. मला त्या गल्लीत उभ्या उभ्या बरं वाटलं, आणि कचेरीतल्या दोघातिघांची तोंडं डोळ्यांसमोर येऊन आणखीच बरं वाटलं.

गावातलं सगळ्यात मोठं जोतं एका विधवा बाईचं होतं. साठीच्या आसपासची, अंगानं काटकुळी, लुगड्याचा काष्टा घट्ट, आणि चालताना हात मागं बांधायची सवय. मी तिला मावशी म्हणाले. तिनं मला आधी मॅडम म्हटलं आणि चहाचा कप हातात दिल्यावर नुसतं बाई. तिचं जोतं म्हणजे गावचं अंगणच झालं होतं. एका कडेला कोणाच्या मुगवड्या वाळत होत्या, दुसऱ्या कडेला तुरीच्या शेंगा पसरल्या होत्या, आणि मधल्या भागात बायका बसून मिरच्यांचे देठ काढत होत्या. शेजारच्या पोरीला हळदही म्हणे त्याच जोत्यावर लागली. सगळ्यांना ते जोतं सोयीचं होतं. फक्त ती स्वतः त्यावर राहत नव्हती. जोतं घालायला जुनं मातीचं घर पाडावं लागलं होतं, आणि तेव्हापासून ती मागच्या कोपऱ्यात टिनाच्या एका शेडमध्ये राहत होती. त्या शेडमध्ये मी वाकून शिरले तरी डोकं आपटलंच.

तिला दोन मुलगे. मोठा जामला टायरच्या दुकानात कामाला, बायकोपोरांना घेऊन तिथंच भाड्याच्या खोलीत. धाकटा घरची शेती बघतो आणि घर पाडल्यापासून बायकोसकट गावातच चुलत्याकडं राहतो. दोघंही चांगले, दोघंही कामसू, आणि आईला विचारल्याशिवाय पाणी न पिणारे, असं तिनंच सांगितलं. भिंतींसाठी दोघंही हातभार लावायला तयार होते. मग भिंती का नाही? तर मोठा म्हणायचा, धाकट्यानं सुरुवात करावी, तो इथंच असतो. धाकटा म्हणायचा, मोठ्यानं करावी, तो मोठा आहे. गोड बोलून दोघंही थांबलेले. असं थांबत थांबत जोत्यावर दोन पावसाळे गेले होते.

तिनं मला जोत्यावर नेऊन सगळं घर दाखवलं. भिंत एक नाही, पण तिला सगळं दिसत होतं. पायानं दाखवत दाखवत ती चालली, "इकडून मोठ्याचं, तिकडून लहान्याचं. मधात देव, अन् सगळ्यायनं मिळून जेवाचं." कुठून दार, कुठं चूल, सुना पाणी कुठं भरतील, नातवंडं अभ्यासाला कुठं बसतील, सगळं ठरलेलं. ती बोलत होती आणि मी मनात मार्च मोजत होते. शेवटी मी तो प्रस्ताव तिला जसा होता तसा सांगितला. तो ऐकूनही तिचा चेहरा बदलला नाही. तिनं फक्त मागं बांधलेले हात पुढं घेतले.

इंजिनियरकडं तोड तयार होती, आणि चांगली तोड होती. एवढं मोठं जोतं तर आहेच, त्याच्या एका बाजूला मंजुरीपुरतं लहान घर उभं करा, फोटो निघेल, तिसरा हप्ता सुटेल. बाकीचं जोतं राहू द्या तसंच, पुढं सवडीनं भिंती चढवा. मला ते इतकं पटलं की मी गाडीतून चुन्याची फक्की आणायला सांगितली. त्यानं बायकांना मिरच्या बाजूला घ्यायला लावल्या आणि मोठ्याच्या बाजूनं पांढरी रेघ ओढायला सुरुवात केली. दोन रेघा झाल्या असतील. म्हातारी आली आणि पायानं त्या पुसायला लागली. भांडण नाही, आरडाओरड नाही, अंगण सारवल्यासारखं एका लयीत पुसत गेली.

"इथं भित उभी झाली त लहाना म्हणन, मायनं मोठ्याले देल्लं. तिथं झाली त मोठा म्हणन. मले नाई पायजे असं घर."

मग मी तिला समजावलं. मग मी रागावले. माझा राग तसाही नाकावर असतो, आणि त्या दिवशी ऊनही चढलं होतं. मी म्हणाले, मावशी, घर होऊ तर द्या, भांडायला घर लागतं. मी म्हणाले, मार्च उलटला तर इकडचंही नाही आणि तिकडचंही नाही. तेलही जाईल, तूपही जाईल आणि हाती धुपाटणं येईल. ती ऐकून घेत होती. मधेच तिनं विचारलं, बाई, आणखी चहा ठेवू का? तिच्या त्या विचारण्यात मला चिडवणं नव्हतं. मी रागावलेय म्हणजे मला भूक लागली असेल, एवढंच तिला वाटलं होतं. आता अशा माणसावर किती रागावणार?

मी तिथंच जोत्यावर फतकल मारून बसले. समोर सगळं घर पुन्हा नजरेखालून घातलं, तिनं दाखवलेलं, भिंती नसलेलं. आणि मला काहीतरी खटकलं. मी विचारलं, "मावशी, मोठ्याची खोली दाखवली, लहान्याची दाखवली, देवाची दाखवली. तुमची कोणती?"

तिनं जोत्यावर नजर फिरवली. मग जोत्याच्या बाहेर, कडेला मातीत एक जागा दाखवली. तिथं एक टिनाची छपरी काढू, म्हणाली, मले एकटीले कितीक जागा लागते. असं म्हणून ती हसलीसुद्धा. गावातलं सगळ्यात मोठं जोतं, न झालेल्या नातवंडांना त्यावर जागा, गावच्या मुगवड्यांना जागा, आणि हिची जागा त्याच्या बाहेर मातीत. मी म्हणाले, अवो मावशी, मंजुरी तुमच्या नावानं आहे, दर फोटोत तुम्ही उभ्या राहता, घर तुमचं आहे. ती म्हणाली, नाव काय, बाईच्या नावानं लवकर होते म्हणून पोरांनी टाकलं. इंजिनियर दुसरीकडं बघत फक्कीचा डबा बंद करत बसला.

घरी आले ती तणतणतच. आमच्या हॉलमध्ये दिवाणावर सासूबाई झोपल्या होत्या. त्या तिथंच झोपतात. पाहुणे आले की त्यांचं अंथरूण आतल्या खोलीत, माझी मुलगी सुट्टीला आली की पुन्हा बाहेर. मी नवऱ्याला विचारलं, आईंची खोली कोणती रे? तो म्हणाला, म्हणजे काय, सगळं घर आईचंच आहे! असलं उत्तर ऐकलं की माझं टाळकं सरकतं. सगळं घर आईचं, पण टीव्ही बंद झाल्याशिवाय आईला आडवं होता येत नाही. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात त्या ह्याच. आमच्याकडं फक्त त्यांना टाइल्स लावलेल्या आहेत.

टिपणीचा मसुदा मी करायला घेतला, पण पुढं सरकेना. जोतं मोठं का, हे लिहिता येत होतं. काळी जमीन, पायाचा जोड, वाढणारं घर, हे सगळं सरकारी भाषेत नीट बसतं. भिंती का नाहीत, याला मात्र रकाना नव्हता. मंजुरी जिच्या नावानं आहे तिची स्वतःची जागा घराच्या नकाशात नाही, हे वाक्य मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. साहेब वाचून म्हणाले, हे जरा भावनिक होतंय का? मी म्हणाले, साहेब, हे मोजमाप आहे. वाक्य राहिलं.

फेब्रुवारीत एका दुपारी इंजिनियरचा फोन आला. हा माणूस तक्रार सांगायची नसेल तर फोन करत नाही, म्हणून मी आधीच कपाळाला आठ्या घालून उचलला. तो म्हणाला, मॅडम, बुढीनं स्वतःच फक्की मारली. मी विचारलं, कोणत्या बाजूनं? तो म्हणाला, मधात.

दुसऱ्या दिवशी मी गेले. खरंच, जोत्याच्या मधोमध वाकड्यातिकड्या पांढऱ्या रेघा होत्या. देवाची आणि जेवायची जी जागा होती ती तिनं आखून घेतली होती. इंजिनियर टेप लावून बसला होता. मधल्या भागाच्या दोन्ही अंगांना खाली पाये होते, म्हणजे भिंती त्यावर उभ्या राहणार होत्या, आणि मागची चुलीची जागा धरली की मंजुरीचं माप बरोबर बसत होतं. त्यानं दोनदा मोजलं. मग नाराजीनं म्हणाला, नियमात आहे. त्याला काहीतरी चुकलेलं सापडायला हवं होतं, पण सापडलं नाही.

दोन्ही मुलं आली होती. आजवर ज्यांचं एकमत झालं नव्हतं त्यांचं त्या दिवशी झालं होतं, आणि ते आईच्या विरुद्ध. मोठा कामाच्या कपड्यातच आला होता, हाताला टायरचं काळं. तो माझ्याकडं वळून म्हणाला की मॅडम, तुम्हीच सांगा, आई मधात एकटी आणि आम्ही बाहेर, हे बरं दिसते का? धाकट्याचे तर डोळेच भरले होते. त्याला एकच गोष्ट खात होती. लोक म्हणतील, पोरांनी बुढीला वेगळं काढलं. आमच्याकडं या एका वाक्याला माणूस जेवढा भितो तेवढा सापालाही भीत नाही. पोरं वाईट नव्हती हो. आईला कायमचं छपरीत ठेवायचं हे त्यांच्याही मनात कधी नव्हतं; आई कुठं राहील हा प्रश्नच त्यांना पडला नव्हता, कारण आई म्हणजे सगळीकडंच असते.

म्हातारीनं दोघांना बोलू दिलं. बायकांनीही मिरच्या थांबवून ऐकलं. मग ती धाकट्याला म्हणाली, "लोकायले सांगजो, पोरायनं नाई काढलं. मायनं तिचं बांधलं. तुमच्या दोघायच्या बाजू तशाच हायेत, कोणी नाई नेल्या."

मोठ्यानं विचारलं, देवाचं काय? जागा तर देवाची होती. ती म्हणाली, देव राहील माझ्यासोबत, त्याचं काही म्हणणं नाही. एवढं बोलून ती शेडमध्ये चहा करायला गेली. तिच्या मागं आम्ही सगळे त्या पांढऱ्या रेघांकडं बघत उभे. मोठ्यानं चप्पल काढून रेघेच्या आत एक पाय ठेवला, मग काय वाटलं कोण जाणे, परत घेतला.

त्यानंतर जे झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. घर मोठ्याच्या बाजूला नव्हतं आणि धाकट्याच्याही बाजूला नव्हतं, त्यामुळं आपला हातभार भावाच्या भिंतीत जाईल ही भीतीच उरली नाही. धाकट्यानं ट्रॉलीनं विटा आणल्या आणि भिंती चढत गेल्या तसा तो सकाळ-संध्याकाळ पाइप धरून पाणी मारायला उभा. मोठ्यानं जामच्या एका जुन्या सामानवाल्याकडून सागवानी चौकट उचलली, जुनीच पण वजनदार, आणि दुकानाच्या गाडीवर बांधून आणली. सुनांनी चुलीची जागा सासूला न विचारता हातभर वाढवून घेतली, त्यावरून थोडी कुरकुर झाली. इंजिनियर रोज भांडत होता: वीट आधी भिजवा, रेती चाळा, कोपरा ओळंब्यात घ्या. त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. मला फोन करून तो म्हणायचा, मॅडम, ह्या लोकांसमोर बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच असायचा.

मार्च संपायच्या आत भिंती खिडक्यांच्या वर गेल्या आणि फोटो निघाला. म्हातारी फोटोत उभी आहे, पदर डोक्यावर, नजर कॅमेऱ्याकडं नाही, वर नव्या भिंतीकडं. तो फोटो माझ्या मोबाइलमध्येही आहे. कामाचा म्हणून ठेवलाय असं मी सांगते.

टिपणीचं काय झालं, असं कोणी विचारलं तर मला हसू येतं. ती प्रस्तावाला जोडली गेली, वर गेली, आणि 'नोंद घेतली' असा शेरा घेऊन खाली आली. पैसा परत घेण्याचा प्रस्ताव मात्र पुढं ढकलला गेला. माझ्या टिपणीनं की दुसऱ्या कशानं, ते देव जाणे. त्या गावात अजूनही बरीच जोती तशीच आहेत आणि त्यांवर मुगवड्या वाळतात. कोणी विचारलं तर मी सांगते की ती अर्धवट घरं नाहीत, पुढच्या पिढीची सुरुवात आहे. साहेब म्हणतात, तुम्ही आता त्यांच्याच बोलीत बोलायला लागलात. माझी बोली तीच आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

छत पडल्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी मी एकदा तिकडं गेले होते. काम हिंगणघाटचं होतं, पण वाट वाकडी केली. म्हातारी घरात राहायला आली होती. मधोमध ती एक खोली, मागं चूल, आणि दोन्ही अंगांना मोकळं जोतं. आत एक खाट, कोपऱ्यात देव, खुंटीवर तिचं एक लुगडं आणि भिंतीला ओल्या चुन्याचा वास. तिनं मला खाटेवर बसवलं आणि भाकरी खाऊनच जायचं असं बजावलं. मी नाही म्हटलं तर तिनं ऐकलंच नाही, परातीत पीठ घेऊन बसली.

तेवढ्यात मोठा मुलगा जामहून आला. हातात केळी होती. चपला त्यानं जोत्याच्या कडेलाच काढल्या, मोकळ्या जोत्यावरून चालत दारापर्यंत आला आणि थांबला. आजवर हा माणूस आई जिथं असेल तिथं तरातरा शिरत आलेला होता. पाडलेलं जुनं घर आधी त्याच्या आजोबांचं होतं, मग बापाचं, आणि मग त्याचंच होणार होतं. आता मात्र चौकटीला हात लावून तो तिथंच उभा राहिला. माझ्याकडंही त्यानं बघितलं नाही.

"माय, येऊ का अंदर?"

म्हातारीचा पिठातला हात थांबला. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, जणू याचं उत्तर काय असतं ते मला ठाऊक असावं. सासऱ्याच्या घरात तिला हे कोणी विचारलं नव्हतं, नवऱ्याच्या घरात विचारायचं कारण नव्हतं.

"थांब जरासाक," ती म्हणाली. हाताचं पीठ झटकून उठली. पदर नीट घेतला. मला खाटेवरून उठवून चादरीचं टोक ओढून सरळ केलं आणि मला परत बसवलं. देवापुढची फुलं उगाच इकडची तिकडं केली. मुलगा केळी धरून उंबऱ्याबाहेर उभा होता आणि ती त्याला उभं राहू देत होती. सगळी खोली एकदा डोळ्यांखालून घातल्यावर ती त्याच्याकडं वळली.

"हं. ये आता."